राखून ठेवलेलं पीठ

अमरावती, २ डिसेंबर

चारुता,

प्रिय लिहिणार होते, पण तीन वर्षांत एक अक्षर लिहिलं नाही, तर आज एकदम कशाला लाडात यायचं. देवीदास बर्फाचा डबा घेऊन अकोल्याला निघालाय. त्याच्याच हाती हे देते. फोनवर मी ओरडते, हे तुला माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं.

डब्यात तीन बाटल्या आहेत. नत्थुजी नावाच्या म्हाताऱ्याच्या पोटातून धुऊन काढलेलं पाणी, त्याची लघवी आणि त्याच्या ताटातलं उष्टं. तिन्हीत धोतऱ्याचं विष आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुझ्या नव्या मशीनला उगाच डोकेफोड नको. पडताळणी मी मागितलेली नाही, साहेबांनी मागितली. म्हणे खुनाचं प्रकरण आहे, नुसत्या रंगावर कोर्टात भागत नाही, अकोल्याचा आकडा जोडा. सव्वीस वर्षं मी वाटीत रंग बघून अहवाल लिहिले, तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं नाही.

प्रकरण थोडक्यात असं. अंजनगाव सुर्जीकडचं एक खेडं. संकष्टीच्या दिवशी दुपारी एका घरातली चार माणसं जेवली आणि तासाभरात बरळायला लागली. तोंड कोरडं ठाक, डोळ्यांच्या बाहुल्या फाकलेल्या, एक जण भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होता. तिघं वाचले. नत्थुजी तिसऱ्या दिवशी गेले. सून खुशी, वय तेवीस, हिचा उपवास होता म्हणून ती जेवली नाही. भाजी तिनं केलेली. भाकरी सासूनं, वच्छलाबाईनं थापलेल्या. आता आपल्याकडे भाकर भाजीत चुरूनच खातात, तेव्हा ताटात राहिला तो दोन्हींचा काला. त्यावरून विष भाजीतलं की भाकरीतलं, ते सांगता येत नाही. म्हणून पोलिसांनी डब्यातलं ज्वारीचं पीठही पाठवलं होतं. ते मी तपासलं, स्वच्छ निघालं. पीठ स्वच्छ म्हणजे राहिली भाजी, आणि भाजी म्हणजे सून. माझा अहवाल गेला त्याच दिवशी संध्याकाळी तिला धरलं.

तुझा पेपरातला फोटो पाहिला. मशीनच्या उद्घाटनाचा. घरी आमच्या नवरोबानं, किशोरनं, कात्रीनं कापून ठेवलाय, मला न विचारता. इथं साहेबांनी तर नोटीस बोर्डावरच लावला. साडी छान होती. हात मात्र मशीनवर असा काय ठेवलास, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा?

अहवाल लवकर पाठव. डबा परत हवा आहे, आपला जुनाच आहे तो, कडी मोडलेला.

साधना


अमरावती, ९ डिसेंबर

चारुता,

तुझा अहवाल मिळाला. तिन्ही बाटल्यांत धोतऱ्याचंच विष, आणि पुढे चार-चार दशांशांपर्यंत आकडे. मी काय वेगळं म्हटलं होतं? साहेबांनी मात्र तो कागद असा दोन्ही हातांत धरून वाचला, जसा काही माझा अहवाल भेळेच्या कागदावर लिहिलेला होता.

पाकिटात माझ्यासाठी काही असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. चिठ्ठी निघाली. 'पिठाचा नमुना आला नाही. कृपया पाठवावा.' कृपया! इतकी वर्षं माझ्या डब्यातली पोळी न विचारता उचलणारी पोरगी मला कृपया लिहिते. बरं, तुझ्या कृपयाला उत्तर देते. पीठ तपासातच संपलं. फार थोडं होतं. आणि जे मी तपासलेलं आहे ते पुन्हा तुझ्याकडे कशाला पाठवायचं?

देवीदास तुझ्या प्रयोगशाळेचं वर्णन करता करता थकत नाही. "म्याडम, तिथं पायताण बाहेर काढा लागते. मशीनले एसी हाय अन् मानसं बाहेर पंख्याखाली बसून राह्यले." मी विचारलं, चारुता काय म्हणाली? "मले चहा पाजला. तुमची तब्येत इचारली." मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस? "म्हटलं, लय चिडचिड करून राह्यल्या आजकाल." असे इमानदार लोक आहेत माझ्या हाताखाली.

तू तब्येत विचारलीस ते ऐकून मला बरं वाटलं नाही, राग आला. जिंकलेल्या माणसाला विचारपूस सोपी असते.

तुझ्या निरोपाच्या दिवशी मी सगळ्यांदेखत बोलले होते, "बटणं दाबायला खुशाल जा, पण शिकलेले हात इथं ठेवून जा." लोक हसले. तू हसली नाहीस. त्यानंतर आपलं बोलणं बंद झालं. ते वाक्य मी मागे घेत नाही. पण लोक हसले तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं मला नंतर फार दिवस पुरलं नाही, एवढं नोंदवते.

पीठ संपलं आहे. पुन्हा विचारू नकोस.

साधना


अमरावती, १७ डिसेंबर

चारुता,

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. 'ताई, कितीही थोडा असला तरी अर्धा नमुना राखून ठेवायचा, हे मी तुमच्याकडूनच शिकले.'

माझंच शिकवलेलं मला ऐकवतेस. ठीक आहे.

मी तुला शिकवलेलं आणखी काय काय आठवतं ते सांग बघू. दोन माणसांचा नियम आठवतो? अर्क वाटीत आटवायचा, धूर सोडणारं नायट्रिक आम्ल घालून पुन्हा कोरडा करायचा, वाटी थंड होऊ द्यायची, आणि मग पोटॅशचा एक थेंब. धोतरा असेल तर जांभळा रंग येतो, बघता बघता लाल होतो आणि जातो. पापणी लवली की गेला. म्हणून थेंब एकानं टाकायचा आणि रंग दुसऱ्यानं सांगायचा, आणि त्या दुसऱ्याला वाटी कोणाची ते ठाऊक नसलं पाहिजे. हा नियम सरकारचा नाही, माझा आहे. मी नोकरीला लागले तेव्हा इथं ज्याचं मन जे म्हणेल तो रंग दिसायचा. मी भांडून तो नियम लावला. मग तू आलीस. मी थेंब टाकायचे आणि तू खिडकीकडून वळून सांगायचीस, "जांभळा." कधी म्हणायचीस, "काही नाही हो, ताई, चहा सांगू?" बारा वर्षं.

तू गेल्यावर दुसरं माणूस आलं नाही. जागा रिकामी आहे. थेंबही मीच टाकते, रंगही मीच बघते. त्याचं खापर कोणावर फोडायचं? तू गेलीस ना.

आता खरं ते लिहिते, ज्यासाठी आज कागद घेतला. खुशीची आई पार्वताबाई गेले आठ दिवस आपल्या प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसते. भातकुलीकडून पहिल्या एसटीनं येते, दुपारी परत जाते. तुरुंगात लेकीला भेटायला मिळतं तेव्हा भेटते, नाहीतर इथं. शिपायांनी दोनदा उठवलं. ती उठते, गेटपर्यंत जाते आणि परत येऊन बसते. खुशीची दीड वर्षाची मुलगी सासरच्यांनी ठेवून घेतली आहे, पार्वताबाईला तिचं तोंडही बघू देत नाहीत.

काल तिनं मला गाठलं. आरडाओरडा नाही, पाया पडणं नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "बाई, मले कायदा समजत नाई. माही पोरगी म्हन्ते, म्या भाजीत मीठ सोडून काई टाकलं नाई. पोलीस म्हन्ते, पीठ साफ निघालं, मंग तूच. मले एवढंच सांगा, थे पीठ तुमी सोताच्या डोयानं पाह्यलं काय?"

मी म्हटलं, "हो."

ती म्हणाली, "मंग झालं," आणि पिशवी उचलून बसस्टँडकडे निघून गेली. आज आली नाही.

ती आली असती तर बरं झालं असतं. दिवसभर मी तीनदा पायरीकडे पाहून आले. किशोर घरी विचारतो, जेवत का नाहीस? मी म्हटलं, ज्वारीची भाकर नको. त्यानं पोळ्या केल्या, जाड जाड. वर म्हणाला, "चारुता असती तर तुझ्याशी बोलली तरी असती. आम्हाला कुठं तू काही सांगतेस." त्याच्याही तोंडी तूच. माझ्या घरात, माझ्या ताटापाशी. मी ताट सरकवलं.

साधना


अमरावती, २१ डिसेंबर

चारुता,

आज एकच गोष्ट लिहायची आहे, तीही पटकन, नाहीतर मी लिहिणार नाही.

अकोल्याच्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. कोणाला सांगितलं नव्हतं, किशोरलाही नाही. मुलाखतीच्या दिवशी धामणगावला मावशीकडे जाते म्हणून निघाले आणि अकोल्याला उतरले. त्या खोलीत मला तिघांनी विचारलं, अशा मशीनवर काम केलंय का? मी म्हटलं, मी रंग ओळखते. तिघांतला एक जण हसला. बाहेर बाकावर तू बसली होतीस, हातात फाईल, चेहरा घाबरलेला. मी मागच्या दारानं निघाले, म्हणून तुला दिसले नाही.

तुझी निवड झाली. तू पेढे आणलेस. सगळ्यात आधी एक माझ्या हातावर ठेवलास, पाया पडलीस. तो पेढा मी खाल्ला नाही. टेबलाच्या खणात ठेवला आणि तिथं त्याला मुंग्या लागल्या, मग कागदासकट फेकला.

तू माझ्याहून हुशार आहेस हे मला पहिल्या सहा महिन्यांतच कळलं होतं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा, कारण तू माझ्या टेबलाशी होतीस. तू लांब गेल्यावर तीच गोष्ट मला सहन होईना. मी जळते, चारुता. तुझ्यावर जळते. अकोला नाव निघालं तरी अंगाचा तिळपापड होतो.

हे वाचून फाडून टाक.

साधना


अमरावती, २७ डिसेंबर

चारुता,

पीठ संपलेलं नाही. थंड कपाटात खालच्या फळीवर आहे, अर्धं, राखून ठेवलेलं. तुला ठाऊकच होतं.

आता क्रमानं सांगते. मधे काही गाळलं तर तुझ्या लक्षात येईल, कारण तू माझीच शिष्य आहेस.

तेवीस नोव्हेंबरला मी त्या प्रकरणाचे नमुने करत होते. पोटातलं पाणी झालं, लघवी झाली, उष्टं झालं. तिन्ही वेळा जांभळा अगदी स्पष्ट. शेवटची वाटी पिठाची. मी थेंब टाकायला ड्रॉपर उचलला आणि बाहेरून साहेब ओरडले, "अहो, या की, आपल्या चारुताचा फोटो आलाय!" आपल्या चारुताचा. थेंब टाकतानाच माझी मान तिकडे वळली. दारातून पेपर दिसत होता, तू आणि मशीन. मी बघत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. वळले तेव्हा वाटीत काही नव्हतं.

नियम काय आहे? रंग पाहायचा राहिला तर वाटी पुन्हा करायची. अर्क उरलेला होता. अर्ध्या तासाचं काम. मी केलं नाही. मी वहीत लिहिलं, पीठ, आढळले नाही. दोन दिवसांनी अहवाल गेला.

सतरा तारखेच्या पत्रात मी तुझ्यावर खापर फोडलं की दुसरं माणूस नाही. दुसरं माणूस असतं तर ही चूक झाली नसती, हे खरं. पण सगळं खरं अजून लिहिलेलं नाही. ते असं, की वाटीत काहीच नव्हतं हेही खोटं आहे. कडेला लालसर रेघ होती. बारीक, नखाएवढी. जांभळा येऊन गेल्यावर जी राहते, तीच. मी ती पाहिली. पाहून वाटी पाण्याखाली धरली.

का? हाच प्रश्न मी महिनाभर स्वतःला विचारला नाही. त्या क्षणी एवढंच मनात होतं, की या वाटीपाशी मी चुकले, आणि ती तिकडे मशीनवर हात ठेवून उभी आहे. पुन्हा करायचं म्हणजे चुकले हे कबूल करायचं. माझ्या एकटीपाशीसुद्धा मला ते कबूल करायचं नव्हतं. नंतर तुझ्याकडे डबा जायची वेळ आली तेव्हा पीठ मी मुद्दाम ठेवून घेतलं. तू ते मशीनला लावलं असतंस, आणि माझी चूक तुझं यश झाली असती. माझ्या या पोटदुखीपायी तेवीस वर्षांची पोर तुरुंगात आहे. तिची मुलगी आईवाचून आहे.

पार्वताबाई मला विचारून गेली त्यापुढचे आठ दिवस मी कशी राहिले ते सांगत बसत नाही. चोवीस तारखेला देवीदासला आत बोलावलं. म्हटलं, आज तू रंग सांगायचा. तो म्हणाला, "म्या? मले तं गुलाबी अन् केशरी बी वयखता येत नाई, बायको हासते." मी म्हटलं, जे दिसेल ते बोल. त्याला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. तीन वाट्या केल्या. एक त्या पिठाच्या उरलेल्या अर्काची, एक माझ्या घरच्या पिठाची, एकीत पीठच नाही. कोणती कुठली ते त्याला सांगितलं नाही.

पहिला थेंब टाकला आणि म्हटलं, वळ. "काई नाई." दुसरा टाकला. "काई नाई, म्याडम, पिवयं हाय तसंच." तिसरा. देवीदास एकदम वाकला. "अवं बाप्पा! जांभयं! वांग्यावानी जांभयं! ... लाल झालं. ... गेलं, म्याडम. गेलं."

तिसरी वाटी त्या पिठाची होती.

देवीदास शेतकऱ्याचा मुलगा, त्यानं लगेच हिशेब लावला. "सोयाबीनीत धोतरा लय माजला औंदा. सोयाबीन काढली त्याच थ्रेशरातून ज्वारी काढली असन. बी राह्यलं असन आत. मिरचीच्या बीवानी तं दिसते थे. चाळलं नाई, दयून आनलं, झालं." मग म्हणाला, "म्याडम, हे त्या दिशी बी दिसलंच असन ना?"

मी म्हटलं, दिसलं होतं.

त्यानं वाट्या धुवायला घेतल्या, आणि ती तिसरी तेवढी बाजूला ठेवली.

काल सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. फोटोचंसुद्धा. ते आधी चिडले, मग घाबरले, मग म्हणाले, "अहो, रंग दिसला नाही एवढंच लिहा. कडेचं कशाला लिहिता? नोकरीला चार वर्षं राहिली तुमची." मी कडेचं लिहिलं. त्यांच्यासमोर सील फोडून पीठ काढलं. आज देवीदास तीन पाकिटं घेऊन येतोय, नवी सीलं लावलेली, एक, दोन, तीन. एकात ते पीठ आहे, एकात माझ्या घरचं, एकात देवीदासच्या घरचं. कोणतं कुठलं तो कागद साहेबांच्या खणात बंद आहे. देवीदासलाही माहीत नाही, चहा पाजून विचारशील तर उपयोग होणार नाही.

थेंब मी टाकला. रंग तू सांग.

साधना


अमरावती, १५ जानेवारी

प्रिय चारुता,

तुझ्या अहवालाचं पाकीट साहेबांनी माझ्यासमोर फोडलं, मग खणातला कागद काढला, आणि दोन्ही शेजारी ठेवले. पाकीट क्रमांक दोन. तेच. आकड्यांखाली तू पेन्सिलीनं लिहिलेलं मी वाचलं, 'जांभळा, ताई.' साहेबांना तो शेरा कळला नाही. मी सांगितला नाही.

पुढचं तुला कार्यालयातून कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक. पोलीस पुन्हा त्या घरी गेले आणि ज्वारीचं पोतं अंगणात चाळलं. धोतऱ्याचं बी मूठभर निघालं. वच्छलाबाई चाळणीपाशीच बसून राहिली म्हणे. त्या भाकरी तिनं स्वतः थापल्या होत्या, नवऱ्याला आग्रह करून एक जास्त वाढली होती. तिचाही दोष नाही, पण तिला ते कोण पटवणार. खुशी दहा तारखेला बाहेर आली. केस अजून कागदावर आहे, तीही मिटेल असं वकील म्हणतात. मुलगी तिच्याकडे आली. आई म्हणून पहिले दोन दिवस ओळखेचना, असं देवीदास कुठून तरी ऐकून आला. अहवालाच्या संध्याकाळपासून सुटेपर्यंत ती आत होती. दिवस मी नीट मोजले, पण इथं लिहिताना हात मागे येतो. सेहेचाळीस.

माझी चौकशी लागली आहे. मला टेबलावरून काढून जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलंय. चौकशीवाले तुझ्याकडेही येतील. माझी पत्रं मागितली तर दे. फाडून टाक म्हटलं होतं, पण तू फाडली नसशील, अर्धा नमुना राखून ठेवणारी तू.

खुशी सुटायच्या आदल्या दिवशी मी भातकुलीकडे पार्वताबाईच्या घरी जाऊन आले. कोणी सांगितलं म्हणून नाही. ओट्यावर उभी राहिले आणि जे तुला लिहिलं तेच तिला बोलले. फोटो, वाटी, कडेची रेघ. ती तूर निवडत होती. हात थांबवले नाहीत. माझं बोलून संपलं तेव्हा म्हणाली, "त्या दिशी तुमी हो म्हनलं होतं." एवढंच. पाणी विचारलं नाही. मी गेटाशी पोचले तरी तुरीचा आवाज येत होता.

हेवा गेला का, असं विचारशील. नाही गेला. काल साहेब माझ्या टेबलावर बसवलेल्या नव्या मुलाला सांगत होते, "अकोल्याच्या म्याडमनं पोरीला सोडवलं," आणि नोंदींच्या खोलीत माझ्या पोटात पुन्हा तेच. ते खरंही आहे, त्यामुळे जास्त लागतं. आता एवढा फरक पडलाय की असं झालं की मी हातातलं काम खाली ठेवते. पेन असलं तर पेन. थांबते. मग उचलते.

कालच्या संक्रांतीला पार्वताबाई आली. त्याच पायरीवर. लेकीला आणि नातीला घेऊन आली होती. खुशीला मी पहिल्यांदा पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलीचं नाक पुसत होती. पार्वताबाईनं देवीदासच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला, शिपायाच्या हातावर ठेवला, साहेब बाहेर आले तर त्यांनाही दिला. मग माझ्यासमोर आली. मी, काय सांगू तुला, हात पुढे केला.

तिनं माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. म्हणाली, "हे अकोल्याच्या म्याडमले पोचवा. तुमच्याकून कोनी जाते ना थिकडं? बारा हायेत." आणि वळली. माझ्यासाठी त्यात काही नव्हतं. बरोबर आहे. तरी ती गेल्यावर मी पायरीवर उभी राहिले, ती परत येते का बघत.

देवीदास उद्या डबा घेऊन येईल. लाडू चांगले झालेत, चिक्कीच्या गुळाचे, वेलची थोडी जास्त. मला कसं माहीत? नोंदींच्या खोलीत दार लावून मी झाकण उघडलं आणि एक खाल्ला. उभ्या उभ्या, तुझ्या नावाचा, चोरून. तुझा पेढा खाल्ला नव्हता, हा मात्र खाल्ला, आणि खाताना रडले, एवढं लिहिते.

तुला अकरा मिळतील. पार्वताबाई कधी भेटली आणि तिनं विचारलं, तर बारा मिळाले असं सांगू नकोस.

तुझी,
साधनाताई